शंभर मीटरचा आकडा कसा वाचायचा?

४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटरची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेच्या नोआ लाइल्ससमोर निकालात ९.७९ ही वेळ लागली, आणि दुसऱ्या आलेल्या जमैकाच्या किशेन थॉम्पसनसमोरही ९.७९ च. शेजारी बारीक अक्षरात ९.७८४ आणि ९.७८९ असे आकडे होते. त्याखेरीज वाऱ्याची नोंद +१.० (पाठीमागून, सेकंदाला मीटरमध्ये), आणि लाइल्सचा प्रतिक्रिया-काळ ०.१७८.

टीव्हीवर आपल्याला फक्त ९.७९ दिसतं. पण बाकीचे छोटे आकडे कळले नाहीत, तर १८९६ चे १२.०, १९३६ चे १०.३ आणि २००९ चे ९.५८ एका रांगेत लावून 'माणूस इतका वेगवान झाला' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. सव्वाशे वर्षांत धावपटू सुधारले, तशी जमीन सुधारली, सुरुवात सुधारली आणि सगळ्यात जास्त सुधारलं ते घड्याळ.

सुरुवात: खड्डे, ब्लॉक आणि एक दशांश सेकंद

१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये थॉमस बर्क १२.० सेकंदांत जिंकला. बाकीचे बहुतेक जण उभ्याने सुरुवात करत होते आणि बर्क दोन्ही हात जमिनीला टेकवून वाकून बसला होता. या पवित्र्यात शरीराचा भार पुढे जातो आणि पाय मागच्या दिशेने जमिनीला रेटा देऊ शकतो. उभ्याने निघालेला माणूस आधी स्वतःचा तोल पुढे टाकतो आणि मग धावायला लागतो. तेवढ्यात बर्क निघून गेलेला असायचा.

पण वाकून बसलं की पायाला टेकू लागतो. तेव्हाचे ट्रॅक होते सिंडरचे, म्हणजे जळक्या कोळशाच्या चुऱ्याचे. धावपटू सोबत छोटी खुरपी आणायचे, रेषेमागे दोन खड्डे खणायचे आणि त्यांच्या मागच्या भिंतीला पाय लावून बसायचे. १९३६ ला बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सने असेच स्वतःचे खड्डे खणले होते. खड्ड्याची मागची भिंत ठिसूळ असली की पहिल्याच रेट्याला ढासळायची, पाय घसरायचा आणि शर्यत तिथेच हातची जायची. आधीच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, कुणीतरी खणून बुजवलेल्या जागेवर आपली लेन आली, तर हा धोका दुप्पट.

स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे पाय रेटायला लावलेले तयार ठोकळे, ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आले १९४८ ला लंडनमध्ये. ब्लॉक लावण्याचं साधं माप असं: पुढचा ब्लॉक रेषेपासून सुमारे दोन पावलांवर (आपल्याच बुटाची लांबी मोजून), मागचा सुमारे तीन पावलांवर. फार जवळ लावले तर गुडघे छातीत अडकतात, फार लांब लावले तर पाय आधीच ताणलेला राहतो आणि रेटा द्यायला काही शिल्लक उरत नाही. १९८० पर्यंत ब्लॉक वापरण्याची सक्ती नव्हती. त्या वर्षी मॉस्कोत ती आली. स्कॉटलंडच्या अ‍ॅलन वेल्सला ब्लॉकशिवाय धावायची सवय होती. त्याने थोड्या अवधीत सुरुवात बदलून घेतली आणि १०.२५ मध्ये सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या आलेल्या क्युबाच्या सिल्व्हिओ लिओनार्डची वेळही १०.२५ च होती.

ही सक्ती आली त्याचं कारण म्हणजे ब्लॉकमधला सेन्सर. पाय रेटला की तो दाब नोंदवतो आणि सुरुवातीच्या पिस्तुलाचा बार झाल्यापासून किती वेळाने रेटला ते हजारांश सेकंदांत सांगतो. निकालातला प्रतिक्रिया-काळ तो हाच. नियम असा की ०.१०० सेकंदांच्या आत प्रतिक्रिया आली तर ती चुकीची सुरुवात. आवाज कानात शिरणं, मेंदूपर्यंत पोचणं आणि स्नायूंना आज्ञा मिळणं याला एवढा वेळ लागतोच असं धरलं आहे. म्हणजे त्याआधी हललेल्याने बार ऐकलेला नाही, अंदाज बांधला आहे. यात सीमारेषेवरची प्रकरणं फार त्रासदायक असतात. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत डेव्हन अ‍ॅलनची प्रतिक्रिया ०.०९९ आली आणि एक हजारांश सेकंदासाठी त्याला बाहेर काढलं. माणसाच्या मज्जातंतूंची सीमा अशी एका आकड्यावर कोरलेली नसते. माझ्या मते हा नियम ज्या यंत्रावर उभा आहे त्याचा अचूकपणा आणि माणसाच्या शरीराबद्दलची आपली माहिती, या दोन्ही बाजू अजून एका पातळीवर आलेल्या नाहीत.

चुकीच्या सुरुवातीची शिक्षाही बदलत गेली. १९०४ ला सेंट लुइसमध्ये २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आर्ची हानच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना रेषेमागे एक यार्ड सरकवलं होतं. पुढे प्रत्येकाला एक इशारा मिळायचा आणि दुसऱ्या चुकीला बाद. १९९६ ला अटलांटात गतविजेता लिनफर्ड क्रिस्टी अंतिम शर्यतीतून असाच दोनदा चुकून बाहेर गेला. २००३ पासून पहिली चूक सगळ्यांच्या खात्यावर आणि नंतर जो चुकेल तो बाद, असं झालं. यात ज्याची काहीही चूक नाही त्याच्याही डोक्यावर टांगती तलवार राहायची. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत बाद ठरलेला जॉन ड्रमंड आपण हललोच नाही म्हणत ट्रॅकवर आडवा झाला आणि शर्यत बराच वेळ खोळंबली. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद. याचा सगळ्यात मोठा फटका पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात देगूला बसला: अंतिम शर्यतीत उसेन बोल्ट बाद, आणि योहान ब्लेक ९.९२ मध्ये विजेता.

बार कुठून होतो, यालाही महत्त्व आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक लेन १.२२ मीटर रुंद असते, म्हणजे पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये साडेआठ मीटर अंतर. बार उडवणारा स्टार्टर पहिल्या लेनजवळ उभा राहिला तर आठव्या लेनमधल्याला बार पंचवीस हजारांश सेकंद उशिरा ऐकू येतो. पॅरिसमध्ये पहिल्या दोघांत फरक होता पाच हजारांशाचा. म्हणून आता प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो.

जमीन

सिंडरचा ट्रॅक पाऊस पडला की चिखल व्हायचा आणि वापरला की उखडायचा. १९६४ ला टोकियोत बॉब हेजच्या वाट्याला अंतिम शर्यतीत पहिली लेन आली, जी चालण्याच्या शर्यतीने आधीच खराब झाली होती. त्यात त्याचा एक बूट सापडेना, तो दुसऱ्याकडून उसना घेतलेला. तरी तो १०.०६ मध्ये धावला, आणि सुमारे दोन मीटरने जिंकला. आजच्या ट्रॅकवर तो काय करता, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, पण शंभर मीटरचा इतिहास वाचताना या एका शर्यतीपाशी थांबायला हवं.

चारच वर्षांनी मेक्सिको सिटीत ऑलिम्पिकचा पहिला कृत्रिम ट्रॅक आला. तो भिजत नाही, उखडत नाही, बुटांच्या स्पाइक्सना (तळव्याच्या खिळ्यांना) एकसारखी पकड देतो आणि पायाने दिलेला जोर वाया घालवत नाही. शिवाय ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर. तिथली हवा साधारण पाचव्या हिश्श्याने विरळ, म्हणजे तेवढा अडथळा कमी. जिम हाइन्स ९.९५ मध्ये जिंकला. इलेक्ट्रॉनिक घड्याळावर दहाच्या आत आलेली ही पहिली वेळ. ती मोडायला १९८३ उजाडावं लागलं, आणि ती मोडणारी कॅल्विन स्मिथची ९.९३ ही वेळसुद्धा कोलोरॅडोतल्या उंचावरच्या ट्रॅकवर लागली. उंचीला नियमात मर्यादा नाही. वाऱ्याला आहे.

वारा

पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर निकाल धरतात, पदक मिळतं, पण वेळ विक्रमात जात नाही. हा नियम १९३६ च्या सुमाराचा. मोजायचं यंत्र पहिल्या लेनच्या आतल्या बाजूला, ट्रॅकपासून दोन मीटरच्या आत, शेवटच्या रेषेपासून ५० मीटरवर आणि जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर ठेवतात. बार झाल्यापासून दहा सेकंद मोजून सरासरी काढतात. वरच्या दर्जाच्या धावपटूला पाठीमागच्या २.० वाऱ्याने साधारण एक दशांश सेकंद मिळतो. समोरून तेवढाच वारा आला तर नुकसान त्याहून थोडं जास्त.

२००८ च्या अमेरिकी निवड स्पर्धेत टायसन गे ९.६८ धावला, तेव्हा कुणीही त्याआधी इतक्या कमी वेळात धावलं नव्हतं. पण वारा ४.१ होता, म्हणून तो विक्रम नाही. उलट १९५६ ला मेलबर्नमध्ये बॉबी मॉरोने समोरून येणाऱ्या सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात १०.५ मध्ये सुवर्ण जिंकलं. यादीत ती वेळ मागासलेली दिसते, प्रत्यक्षात ती जबरदस्त धाव होती.

यंत्र एकच असतं आणि एकाच जागी असतं, हा यातला कच्चा दुवा. १६ जुलै १९८८ ला इंडियानापोलिसमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर महिलांच्या १०० मीटरमध्ये १०.४९ धावली, तेव्हा वाऱ्याची नोंद होती ०.०. त्याच मैदानात त्याच सुमारास तिहेरी उडीच्या जागी ४.३ चा वारा नोंदला गेला. यंत्र बिघडलं होतं असं अनेक जाणकारांचं मत आहे. विक्रम मात्र आजही कागदावर तोच आहे, आणि महिला धावपटूंच्या कित्येक पिढ्या त्या आकड्यामागे धावत आल्या आहेत.

घड्याळ

आता मुख्य गोष्ट. हातातल्या स्टॉपवॉचने वेळ घेणारा माणूस धूर दिसल्यावर बटण दाबतो, म्हणजे त्याच्या प्रतिक्रियेइतकं घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र धावपटू समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे बटण बरोबर क्षणी, कधी किंचित आधीच दाबलं जातं. सुरुवातीचा उशीर शेवटी भरून निघत नाही, म्हणून हाताची वेळ नेहमी कमी येते. १०० आणि २०० मीटरला हा फरक ०.२४ सेकंद धरतात.

१९५२ ला हेलसिंकीत पहिल्या चौघांचीही वेळ १०.४ लागली. लिंडी रेमिगिनोला वाटलं आपण हरलो, म्हणून तो जमैकाच्या हर्ब मॅकेनलीचं अभिनंदन करायला गेला. फोटो धुऊन आला तेव्हा कळलं की सुवर्ण रेमिगिनोचं आहे. त्याच शर्यतीत इलेक्ट्रिक यंत्रावर त्याची वेळ होती १०.७९. एकच धाव, एकच माणूस आणि दोन घड्याळांत जवळजवळ चार दशांशांचा फरक! १ जानेवारी १९७७ पासून विक्रमासाठी फक्त पूर्ण स्वयंचलित वेळ धरतात. त्याआधीच्या यादीत दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी.

फोटो-फिनिशचं चित्र हे आपल्या ओळखीचं छायाचित्र नसतं. कॅमेरा पूर्ण ट्रॅककडे पाहतच नाही. तो एका उभ्या फटीतून फक्त शेवटच्या रेषेकडे पाहतो, सेकंदाला हजारो वेळा तेवढीच पट्टी टिपतो आणि त्या पट्ट्या एकमेकींना जोडत जातो. त्यामुळे चित्रात आडव्या दिशेला अंतर नसतं, वेळ असतो. चित्रातला प्रत्येक माणूस शेवटच्या रेषेवरच आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणी. रेषेवर टेकलेलं पाऊल क्षणभर स्थिर राहतं, म्हणून ते अनेक पट्ट्यांत येतं आणि लांबलचक, ताणलेलं दिसतं. झपकन पुढे गेलेला हात आखूड दिसतो. पंच या चित्रावर एक उभी रेघ सरकवत नेतात आणि धडाच्या सगळ्यात पुढच्या कडेला टेकवतात. त्या रेघेखाली वेळ वाचायची. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. पॅरिसच्या चित्रात थॉम्पसनचं पाऊल लाइल्सच्या आधी रेषेवर दिसतं, पण लाइल्सची छाती पुढे होती. शेवटच्या पावलाला छाती पुढे झुकवायला शिकवतात ते यासाठीच. फार आधी झुकलं तर मात्र तोल जातो आणि पाऊल आखूड पडतं.

आकडा लिहिताना हजारांश नेहमी वरच्या शतांशात नेतात. म्हणून ९.७८४ चे ९.७८ होत नाहीत, ९.७९ होतात. मे २००६ मध्ये दोह्यात जस्टिन गॅटलिनची वेळ ९.७६ म्हणून जाहीर झाली, नवा विश्वविक्रम म्हणून गाजली आणि काही दिवसांनी कळलं की मूळ आकडा ९.७६६ होता. म्हणजे खरी वेळ ९.७७, असाफा पॉवेलच्या विक्रमाशी फक्त बरोबरी. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात गॅटलिनची तीही वेळ रद्द झाली.

उत्तेजकांमुळे पुसलेल्या आकड्यांची यादी वेगळीच आहे. १९८८ ला सोलमध्ये बेन जॉन्सन ९.७९ धावला, तीन दिवसांत त्याच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल सापडलं आणि सुवर्ण ९.९२ धावलेल्या कार्ल लुइसकडे गेलं. जॉन्सनची १९८७ मधली ९.८३ ही वेळही नंतर रद्द केली.

आणि कधी कधी घड्याळ चुकतं ते माणसाच्या मनगटावरचं. १९७२ ला म्युनिकमध्ये अमेरिकेच्या प्रशिक्षकांकडे जुनं वेळापत्रक होतं. एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन उपांत्यपूर्व फेरीला पोचलेच नाहीत. दोघेही पदकाचे दावेदार होते. तिसरा, रॉबर्ट टेलर, जेमतेम धावत रेषेवर पोचला आणि पुढे त्याने रौप्यही जिंकलं. सुवर्ण सोव्हिएत संघाच्या व्हॅलेरी बोर्झोव्हचं, १०.१४.

९.५८ च्या आत काय आहे

१६ ऑगस्ट २००९, बर्लिन: उसेन बोल्टचा ९.५८ चा विश्वविक्रम. बोल्टची प्रतिक्रिया ०.१४६, वारा +०.९. वीस-वीस मीटरचे टप्पे असे: २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६. पहिल्या टप्प्यात प्रतिक्रियेचा वेळ आणि शून्यातून उठणं आहे, म्हणून तो लांब. सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या मध्ये, ताशी सुमारे ४४.७ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात बोल्टसुद्धा मंदावला. प्रत्येक जण मंदावतो. शेवटच्या वीस मीटरमध्ये जो 'वेग वाढवून' पुढे गेल्यासारखा वाटतो, तो खरं तर इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. लाइल्स पॅरिसमध्ये ३० मीटरला सगळ्यात मागे होता. त्याच शर्यतीत शेवटचा आलेला ओब्लिक सेव्हिल ९.९१ धावला. वर्षभराने, २०२५ मध्ये टोकियोत, तोच ९.७७ मध्ये जगज्जेता झाला.

आपल्याकडे

महाराष्ट्राचा या शर्यतीशी संबंध जुना आहे. मुंबईचा लेव्ही पिंटो १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर, दोन्हीत सुवर्ण जिंकला आणि पुढच्या वर्षी हेलसिंकीत दोन्ही शर्यतींच्या उपांत्य फेरीत पोचला. त्याच ऑलिम्पिकमध्ये मुंबईचीच मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर धावली. पिंटोची आशियाई वेळ १०.८ होती आणि ती हाताच्या घड्याळाची. जुलै २०२५ मध्ये अनिमेष कुजूरने ग्रीसमध्ये लावलेली १०.१८ ही इलेक्ट्रॉनिक आणि कृत्रिम ट्रॅकवरची. या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करू नये.

तालुका आणि शाळांच्या बहुतेक स्पर्धांत अजून हातानेच वेळ घेतात, आणि तिथे चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी म्हणजे बाराचा आवाज ऐकून बटण दाबणं. शंभर मीटर यायला आवाजाला ०.२९ सेकंद लागतात, तेवढे थेट वेळेतून कापले जातात. म्हणून धूर किंवा ज्योत बघून दाबावं. धूर न दिसणारा बार असेल तर स्टार्टरने बाराबरोबर झेंडा खाली आणावा. वेळ घेणाऱ्याने शेवटच्या रेषेच्या अगदी सरळ रेषेत, बाहेरच्या लेनपासून निदान पाच मीटर दूर आणि जमल्यास पायऱ्यांवर उभं राहावं. रेषेच्या आधी किंवा पुढे उभं राहिलं तर तिरकस नजरेने एखाद्याची छाती लवकर पोचल्यासारखी दिसते. बांधलेला धागा तुटण्याकडे नाही, जमिनीवरच्या रेषेच्या अलीकडच्या कडेकडे पाहावं.

पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळं लावावीत. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली, दोनच चालली तर जास्तीची. घड्याळावर ११.३२ दिसलं तर निकालात ११.४ लिहायचं, ११.३ नाही. आणि मुलाची ही ११.४ जिल्ह्याच्या इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहायची असेल, तर तीत ०.२४ मिळवून ११.६४ धरावी.